दुसरं वचन

रॉड एकदम हलका झाला.

मी चाक फिरवत होतो आणि रज्जाक मागून रेटत होता. चाळीस फुटांपर्यंत खडक सारखा कुरकुरत होता. मग एका झटक्यात पुढं काहीच उरलं नाही. रज्जाक तोंडावर पडता पडता वाचला.

“पोकळी लागली, शांतवनभाऊ,” तो म्हणाला.

“पाणी?”

“काढून बघू.”

आम्ही एकेक रॉड सोडवून बाहेर काढला. शेवटचा रॉड निघाला तरी भोकातून पाण्याचा थेंब आला नाही. वारा आला. मार्च महिना होता, विहिरीच्या तळाला आम्ही दोघं घामानं निथळत होतो, आणि तो वारा थेट तोंडावर येऊन लागला. गार, कुबट. मी भोकाला कान लावला. आत कुणीतरी कण्हत होतं. बाईमाणसासारखं, हळू. जरा वेळ कण्हायचं, मग थांबायचं, मग पुन्हा.

“ऐक,” मी रज्जाकला म्हणालो.

त्यानं कान लावला आणि लगेच काढला. “माझी सासू,” तो म्हणाला. “चार वर्षं झाली तिला जाऊन, अजून पिच्छा सोडत नाही.” पण हसला नाही.

आमचा धंदा आडव्या बोअरचा. विहिरीला पाणी कमी पडलं की तळाजवळ भिंतीत कपार कोरायची, तिच्यात यंत्र बसवायचं आणि मनगटाएवढं भोक पाडत खडकात आडवं आत जायचं. एखादा झरा लागला तर लागला. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा चौपन्न वर्षांचा होतो आणि रज्जाक चाळिशीचा. नगर जिल्ह्यातल्या एका गावात भागाजी शेटे नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर आम्ही काम घेतलं होतं.

भागाजी वरून ओरडला, “काय लागलं का?”

“वारा लागला,” रज्जाक म्हणाला.

“वारा काय उसाला पाजू?”

त्याची म्हातारी आई, कोंडाबाई, काठाजवळ बाभळीखाली बसलेली असायची. ती खाली वाकून म्हणाली, “त्या अंगाला मारू नगा म्हणलं व्हतं मी. ती हीर बोलती.”

बांधापलीकडं एक जुनी विहीर होती. तीस वर्षांत तिचं पाणी कुणी काढलं नव्हतं. पाणाड्यानं नारळ हातावर धरून दिशा दाखवली आणि आम्ही त्या दिशेनं मारत गेलो. किती अंतर आहे ते मोजायला हवं होतं. मोजलं नाही. रज्जाक वर जाऊन बघून आला. जुन्या विहिरीच्या भिंतीत, पाण्याच्या वर, आमच्या बोअरचं तोंड निघालं होतं. खाली दगडाची पांढरी भुकटी सांडली होती.

“पारवे आहेत आत,” तो म्हणाला. “शंभरेक. ते घुमतायत. बोअर वाया गेली, एवढंच.”

मी मान हलवली. पारवे घुमतात ते मला ठाऊक होतं. पण पारवे एकसारखे घुमतात. मी ऐकलं ते थांबत होतं. पुढच्यानं काही म्हणावं म्हणून माणूस थांबतो, तसं.

संध्याकाळी भागाजीच्या शेडमध्ये रज्जाकनं भाकरी थापली. तो नमाज पढून आला आणि माझ्या पिशवीकडं बघून म्हणाला, “आजपण नाही?”

“नाही.”

“सहा महिने झाले, भाऊ.”

“मला मोजता येतं.”

पिशवीत पवित्र शास्त्र होतं, आमचं बायबल. सोबत न्यायची सवय म्हणून नेत होतो, उघडत नव्हतो.

आमच्या घरात रोज दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. माझी बायको सलोमी आणि मी एक स्तोत्र वाचायचो. एक वचन मी, एक वचन ती. देवळात पाळकसाहेब एक म्हणतात आणि मंडळी दुसरं म्हणते, तसंच. पहिलं, तिसरं, पाचवं माझं. दुसरं, चौथं, सहावं तिचं. एकतीस वर्षं हे चाललं. भांडण झालेलं असलं तरी चाललं. ती आपलं वचन सुरू करण्याआधी बारीकसा “हं” म्हणायची. हातात काही दिलं की माणूस म्हणतं ना, तसा. मी एकदा तिला म्हणालो, “शास्त्रात हं लिहिलेलं नाही.” ती म्हणाली, “तुम्ही दिलं, मला पोचलं, हे देवाला कळायला नको?”

मग तिला झटका आला आणि तिची वाचा गेली. मिशनच्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती. आमची मुलगी रिबका त्याच दवाखान्यात नर्स होती. शेवटच्या संध्याकाळी मी शास्त्र उघडलं आणि एकशे तिसावं स्तोत्र काढलं. पहिलं वचन वाचलं. देवा, मी फार खोलातून तुला हाक मारतोय, असं ते वचन आहे. वाचून मी थांबलो. सलोमीचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी थांबून राहिलो. रिबका पलंगाच्या पलीकडं उभी होती. तिला आईचा तो खटाटोप बघवला नाही. तिनं दुसरं वचन सुरू केलं. दोनच शब्द म्हणाली असेल.

मी शास्त्र मिटलं.

“तुझी आई अजून जिवंत आहे,” मी म्हणालो. “तिच्या जागेवर बसायची घाई करू नको.”

 रिबका ट्रे उचलून बाहेर गेली. सलोमी एकदा दाराकडं बघायची, एकदा माझ्याकडं. पहाटे ती गेली. माती झाली त्या दिवशी रिबका माझ्या शेजारी उभी होती, पण बोलली नाही. त्यानंतर सहा महिने आम्ही बोललो नव्हतो. तिनं दोन पत्रं पाठवली, मी उत्तर दिलं नाही. काय लिहायचं होतं?

पाळकसाहेब घरी आले होते. म्हणाले, “शांतवन, दोन्ही वचनं तुम्हीच वाचा. देव काही म्हणणार नाही.”

“देव नाही म्हणणार,” मी म्हणालो. “पण ते तिचं आहे. मी कसं वाचू?”

पहिलं वाचून थांबायचं आणि पुढून काही यायचं नाही. हे एकदा करून बघितलं, दोनदा करून बघितलं. मग शास्त्र पिशवीत गेलं. खरं सांगायचं तर मी देवावर रागावलो नव्हतो. पलीकडं कुणी नाहीच, असं मला वाटायला लागलं होतं. रागापेक्षा ते वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच खाली उतरलो. यंत्र कपारीतून काढून दुसऱ्या बाजूला लावायचं होतं. रज्जाक वर दोर बांधत होता. तीन दिवसांपूर्वी पाटाला पाणी सुटलं होतं आणि विहिरीच्या कपारीकडच्या अंगाची वरची माती ओली दिसत होती. मी ती बघितली. तीस वर्षं विहिरीत काढलेल्या माणसानं ती बघून वर यायला पाहिजे होतं. मी नट सोडवत बसलो.

आधी चार खडे पडले. मी वर बघितलं. रज्जाक हात हलवत काहीतरी ओरडत होता. आभाळ एवढंसं दिसत होतं, आणि ते एका कडेनं मिटत आलं.

मी कपारीत अंग टाकलं.

शुद्धीवर आलो तेव्हा डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते कळत नव्हतं. बोटं डोळ्यांपाशी नेली. उघडे होते. मी बसलेला होतो, पाठ खडकाला. डावा पाय गुडघ्यापासून खाली दगडात गेला होता आणि तो माझा वाटत नव्हता. समोर हात केला की ओली माती आणि धोंडे. डोक्यावर कपारीचं छत, दीड-दोन वीत जागा. तोंडात माती होती, ती थुंकली.

मग उजव्या गालाला गार वारा लागला.

बोअरचं भोक माझ्या खांद्याच्या जरा वर होतं. काल आम्ही ज्याला वाया गेलं म्हणालो तेच. त्यातून वारा येत होता म्हणून मी जिवंत होतो. मी भोकाला तोंड लावून ओरडलो, “रज्जाक! ए रज्जाक!” माझाच आवाज लांब जाऊन परत आला, पण परत आला तो माझ्यासारखा वाटला नाही. पुन्हा ओरडायची हिंमत झाली नाही.

वरून काहीच ऐकू येत नव्हतं. पंचवीस-तीस फूट माती असेल मध्ये.

आणि मग मला मांडीखाली ओल लागली. पाटाचं पाणी पाझरत होतं. ते यायला कुठूनही वाट होती, जायला वाट नव्हती. मी बोट खडकाला टेकवून धरलं आणि पाणी बोटाच्या पहिल्या पेरावर आलं, मग दुसऱ्या. हळूहळू वर येत होतं. मी मनात हिशेब केला. खांद्यापर्यंत येईल, भोक बुडेल. भोक बुडालं की वारा बंद.

भोकात पुन्हा ते कण्हणं सुरू झालं. पारवे, पारवे, असं मी स्वतःला सांगितलं. ते थांबलं. पुन्हा झालं. पुन्हा थांबलं. अंधारात किती वेळ ते ऐकत बसलो सांगता येणार नाही. पाणी कमरेला आलं तेव्हा मला थंडी वाजायला लागली आणि दात वाजायला लागले.

मी काही प्रार्थना करायचं ठरवलं नव्हतं. पण सवय एकतीस वर्षांची. बाहेर सकाळ असेल की दुपार, मला ठाऊक नाही, पण आत तर दिवेलागण झालेलीच होती. मी म्हणालो,

“परमेश्वरा, मी फार खोलातून तुला हाक मारतोय.”

आणि थांबलो. तेही सवयीनं. माझं झालं, आता माझं काम थांबायचं.

पारव्यांचं घुमणं बंद झालं. वाराही बंद झाला असावा, गालाला लागेना. पाण्याचा आवाजसुद्धा मला आठवत नाही.

“हं,” भोकातून आलं.

मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून: “प्रभू, माझा आवाज ऐक. तुझे कान माझ्याकडं असू दे.”

 तो आवाज मोठा नव्हता. भाजी निवडत असताना शेजारी बसलेलं माणूस बोलतं तेवढाच. मी भोकापासून तोंड बाजूला केलं. खरं सांगतो, आनंद झाला नाही. मी भ्यालो. पाय अडकलेला नसता तर त्या एवढ्याशा जागेत मी लांब सरकलो असतो.

“सलोमी?” मी म्हणालो.

काही नाही.

“सलोमी, तू आहेस?”

वारा पुन्हा गालाला लागायला लागला. पारवे घुमायला लागले.

माझी पाळी होती. तिनं आपलं म्हटलं होतं, आता तिसरं माझं. आणि तिसरं वचन माझ्या तोंडातून निघेना. पाठ नव्हतं असं नाही. देवा, तू चुका मोजत बसलास तर तुझ्यासमोर कोण उभं राहील, असं ते आहे. दवाखान्यातल्या त्या खोलीत पलंगाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला पोरगी, आणि मधे सलोमीची नजर. दार, मग मी. दार, मग मी. ती मला सांगत होती, पोरीला बोलाव. मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं मी सहा महिने म्हणत होतो, पण कळलं होतं.

पाणी छातीला आलं. मग मी म्हणालो. एकदा म्हणालो, पुढून काही आलं नाही. पुन्हा म्हणालो. किती वेळा म्हणालो देव जाणे. चुका मोजत बसलास तर कोण उभं राहील. कोण उभं राहील. जीभ जड झाली होती आणि मधूनमधून डोळा लागत होता. पाणी हनुवटीकडं येतंय का, हे बघायला मी जागा व्हायचो.

कधीतरी भोकातून लांबवर फटफट असा आवाज आला आणि बंद झाला. मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. मग बऱ्याच वेळानं आत एकदम धडधड झाली. शेकडो पंख एकाच वेळी हलल्यासारखी. भोक घुमायला लागलं, जणू काही तिकडून मोठं जनावर अंग घासत येत होतं. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटण्यात काही अर्थ नव्हता, तरी मिटले. त्या गोंगाटात कुणी ओरडत होतं, पण शब्द नव्हते, नुसता हुंकार. मी तिसरं वचन म्हणत राहिलो. मोठ्यानं म्हणत राहिलो.

गोंगाट थांबला.

“पण तुझ्यापाशी क्षमा आहे,” भोकातून आलं. आवाज कापत होता. “म्हणून लोक तुझं भय धरतात.”

मी रडायला लागलो. सलोमीला जाऊन सहा महिने झाले, मातीच्या दिवशीही मी रडलो नव्हतो. पाणी गळ्याशी आलेलं, त्यात मी रडलो. मग पाचवं म्हणालो. मी परमेश्वराची वाट बघतो, माझा जीव वाट बघतो. आणि तिकडून सहावं आलं. पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त. पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त. ते शास्त्रातच दोनदा आहे. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज मधेच तुटला, कारण भोकाच्या तोंडाशी पाणी बुडबुडलं. एकदा, दोनदा. मग वारा बंद झाला.

भोक बुडालं.

मी मान वर केली, डोकं छताला टेकलं. नाकापासून छतापर्यंत वीतभर जागा. सातवं वचन माझं होतं, ते मी म्हणालो. इस्राएला, परमेश्वराची आस धर. आणि थांबलो.

आता थांबून काही उपयोग नव्हता. तिकडून यायला वाटच राहिली नव्हती. पाण्याखाली भोक, भोकापलीकडं ती, आणि आठवं वचन तिचं. एकतीस वर्षांत ते मी एकदाही म्हटलं नव्हतं. मी थोडा वेळ थांबलो, जेवढा नेहमी थांबायचो तेवढा. मग मी “हं” म्हणालो.

आणि आठवं म्हणालो. तोच सोडवील. सगळ्या चुकांतून, तोच.

म्हणून झालं. मला तेव्हा वाचेन असं वाटत नव्हतं. पण भीती गेली होती. पलीकडं कुणी आहे, हे मानायला आता मला उत्तर यावं लागत नव्हतं. याहून चांगलं मला सांगता येत नाही.

पाणी हनुवटीला लागलं आणि तिथंच राहिलं.

मी वाट बघत होतो की आता ओठांना लागेल. लागलं नाही. पुष्कळ वेळानं माझ्या धंद्याचं डोकं चालू झालं. बोअर आम्ही नेहमी किंचित वर धरून मारतो, पाणी आपल्या विहिरीकडं उतरावं म्हणून. तिकडचं टोक इकडच्यापेक्षा जरासं उंच. पाणी त्या टोकाएवढं चढलं आणि जुन्या विहिरीत पडायला लागलं. ज्या भोकानं वारा बंद केला, त्याच भोकानं पाणी वाहून नेलं.

दिवस मावळायच्या सुमाराला माझ्या समोरचा एक धोंडा हलला आणि उजेडाची काडी आत आली. पाठोपाठ रज्जाकचा हात. त्यानं माझं नाक चाचपडलं, कान चाचपडला.

“गरम आहे!” तो वर ओरडला. मग मला म्हणाला, “भाऊ, मेला असतास ना, तर तुझी माती कशी करायची ते मला ठाऊक नाही. सगळं चुकलं असतं माझं.” आणि तो माझ्या डोक्याला डोकं लावून रडला.

मला दोराच्या खाटेवर वर काढलं. सगळं गाव जमलं होतं. कोंडाबाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. गर्दीच्या मागं रिबका उभी होती. अंगावर नर्सचा पांढरा ड्रेस, पुढून सगळा हिरवा, शेवाळानं. दोन्ही कोपरं सोललेली. ती पुढं आली, माझी नाडी धरली आणि घड्याळाकडं बघत राहिली. नाडी मोजून झाली तरी हात सोडला नाही.

“पपा,” ती म्हणाली, “पाय मोडलाय. हलवू नका.”

काय काय झालं ते मला दवाखान्यात कळलं. दरड पडल्यावर रज्जाक आधी जुन्या विहिरीकडं पळाला होता. बोअरचं तोंड तिकडं आहे हे त्यालाच माहीत होतं. काठावरून ओरडला, उत्तर आलं नाही. मी तेव्हा शुद्धीवर नसणार. सगळ्यांनी मला मेलेला धरलं. माणसं वरची माती ओढत होती आणि भागाजीनं जेसीबी बोलावला. रज्जाक लुना घेऊन तालुक्याला रिबकाला आणायला गेला. जायला-यायला दोन तास.

“आल्यावर मला काठावर उभं राहू देईनात,” रिबका म्हणाली. ती माझ्या पायाची पट्टी बदलत होती. “म्हणाले, कड ढासळतेय, बाजूला व्हा. रज्जाकचाचा म्हणाले, बोअर त्या विहिरीत निघालीय, तिकडं जाऊन बस, बापाच्या जवळ असल्यासारखं वाटेल. तिकडं गेले तर आतून घुमल्यासारखं येत होतं. मी उतरले.”

“त्या विहिरीत?”

“पायऱ्यांचे दगड आहेत, अर्धे पडलेत. पारवे अंगावर आले. मी भोकाला तोंड लावून पपा, पपा ओरडले. तुमचं आपलं एकच चाललं होतं. कोण उभं राहील, कोण उभं राहील. ओरडून तुम्हाला काही पोचत नव्हतं. म्हणून चौथं म्हटलं.” तिनं पट्टीची गाठ मारली. “मग सहावं म्हटलं, तुमचा आवाज बंद झाला आणि जरा वेळानं भोकातून पाणी माझ्या तोंडावर आलं. मी पळाले. जेसीबी ढिगावर चढतच होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, पपा जिवंत आहेत, हातानं उकरा.”

मी तिच्या कोपरांकडं बघत होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, की त्या दिवशी तुला गप्प केलं ते माझं चुकलं. ते सरळ जमेना. मी म्हणालो, “दुसरं फार चांगलं म्हणालीस. अगदी आईसारखं.”

तिनं वर बघितलं.

“दुसरं मी नाही म्हटलं, पपा.”

“म्हटलंस की. मी पहिलं म्हणालो, तू दुसरं म्हणालीस. ‘हं’सुद्धा म्हणालीस.”

“मी आले तेव्हा तुम्ही तिसऱ्यावर होतात.”

मला ती फटफट आठवली. लुनाची फटफट. ती दुसऱ्यानंतर आली होती. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, तिची जागा बदलेना.

रज्जाक भेटायला आला तेव्हा त्याला विचारलं, “तू गेल्यावर त्या विहिरीवर कोण होतं?”

“कोण असणार? सगळे तुला उकरत होते.”

“कुणी बाई?”

“बायका तर त्या विहिरीकडं बघतसुद्धा नाहीत, भाऊ.” त्यानं संत्र्याची पिशवी खाटेवर ठेवली. “आणि खाली उतरून तोंड लावल्याशिवाय तुला काय ऐकू येणार होतं? काठावरून ओरडून मी थकलो.” मग तो हळूच म्हणाला, “तू काय ऐकलंस?”

मी सांगितलं. त्यानं विनोद केला नाही. टोपी काढून हातात धरली आणि जाताना पुन्हा घातली. त्या गावात आमच्या लोकांचं एकही घर नव्हतं. ते वचन ठाऊक असणारं माणूस दहा मैलांत नसेल.

 त्या दिवशी ड्युटी संपल्यावर रिबका स्टूल घेऊन माझ्या खाटेशी येऊन बसली. दिवेलागण झाली होती. तिनं माझ्या पिशवीतून शास्त्र काढलं, एकशे तिसावं उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“आईचं तू घे आता,” मी म्हणालो. “मीच सांगतोय. घे.”

“घेते,” ती म्हणाली. “चौथ्यापासून.”

माझा पाय तेव्हापासून आखूड आहे. धंदा सुटला. मी रिबकाकडं राहतो. तिचं लग्न झालं, जावई चांगला आहे, संध्याकाळी प्रार्थनेला आमच्यात बसतो. बाकीची सगळी स्तोत्रं आम्ही सरळ वाचतो, एक मी, एक रिबका. एकशे तिसावं आलं की मात्र मी पहिलं वाचतो आणि आम्ही तिघंही गप्प बसतो. जावयानं सुरुवातीला एकदा विचारलं होतं, वचन राहिलं का. रिबकानं त्याला नुसती हातानं खूण केली.

सलोमीला ते वाचायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा आम्ही थांबतो. मग मी तिसरं सुरू करतो.